साखरपुड्याला जायचं कोणत्या तोंडानं?

पुण्याहून 'अकरा महिने' अशी सही केलेलं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातलं कामापुरतं देते.

"मावशी, मी 26 वर्षांची, मूळची बार्शी तालुक्यातली. एम.एस्सी. केमिस्ट्री. सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. दुपारी दोन ते रात्री दहा एका एजन्सीमार्फत कंपनीत ग्राहकांची कागदपत्रं तपासते. शनिवार-रविवार प्रदर्शनं, लग्नं, कॉन्फरन्स, जिथं बोलावतील तिथं रजिस्ट्रेशनच्या टेबलावर उभी राहते. कॉलेजची ऑर्डर एका सत्रापुरती, एजन्सीची अकरा महिन्यांची. होस्टेलच्या आम्ही पाच जणी. एक तलाठी झाली, एक बेंगळुरूला आहे, एकीचं लग्न झालं. चौथीचा पुढच्या महिन्यात साताऱ्याला साखरपुडा आहे. तिच्याकडून मी जूनमध्ये खोलीच्या डिपॉझिटसाठी 12,000 रुपये घेतले होते, दसऱ्याला देते म्हणाले होते. दिले नाहीत. ती एकदाही मागत नाही, तेच जास्त खुपतं. ग्रुपवर सगळ्यांनी एका रंगाच्या साड्या घ्यायच्या आणि भेटीसाठी प्रत्येकी 1,500 काढायचे असं ठरलंय. मी 'त्या रविवारी इव्हेंट आहे, सुट्टी मिळत नाही' असं लिहून मोकळी झाले. खरं म्हणजे त्या रविवारी इव्हेंट नाहीये. एकदा परमनंट झाले की सगळ्यांना भेटेन, सगळ्यांचं फेडेन, असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली. माझं चुकतंय का?"

इव्हेंट नसताना 'इव्हेंट आहे' हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. अगं, हेच मी 1985 साली केलंय. तेव्हा ग्रुप नव्हता, पोस्टकार्ड होतं, एवढाच फरक.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, एका कार्यालयात टायपिस्ट. कोणी बाळंतपणाच्या, कोणी आजारपणाच्या रजेवर गेलं की त्या जागेवर बसायचं, त्याला 'लीव्ह व्हेकन्सी' म्हणत. 89 दिवसांची ऑर्डर, मग मध्ये दोन-तीन दिवस घरी बसायचं, मग पुन्हा 89 दिवस. हा मधला खंड का, ते आमच्यातल्या शिपायालाही पाठ होतं: नोकरी सलग दिसली तर काही हक्क सांगता येतात, ती सलग दिसू द्यायची नाही. घरात त्या वेळी गिरणीच्या संपानंतरची ओढगस्त चालू होती. माझ्या डोंबिवलीच्या मैत्रिणीनं मला वडलांच्या औषधासाठी 200 रुपये दिले होते. तिचं लग्न ठरलं तेव्हा ते फिटले नव्हते, आणि नेसायला धड साडी नव्हती. मी पोस्टकार्ड टाकलं, घरात सगळे तापानं आडवे आहेत, येता येत नाही.

पुढे चार वर्षं भेट नाही. मग एका संध्याकाळी दादरच्या पुलावर समोरासमोर आलो. कडेवर मूल होतं तिच्या. आधी दोघीही नुसत्या उभ्या राहिलो, लोक धक्के मारत जात होते. मग ती म्हणाली, "तुला माझा नवरा पसंत नव्हता ना? म्हणून आली नाहीस ना?"

चार वर्षं ती हे धरून बसली होती. ठरवाठरवीच्या वेळी मी त्याच्याबद्दल काहीतरी थट्टा केली होती म्हणे, मला आठवतही नव्हती. पैशांचं म्हणशील तर ते 200 रुपये तिच्या पक्के लक्षात होते, पण त्याचा राग नव्हता. न येण्याचा होता. पुढे मी पैसे दिले, येणं-जाणंही सुरू झालं. पण लग्नाच्या अल्बममध्ये मी नाही ते नाहीच.

तू 'सुट्टी मिळत नाही' लिहिलंस तेव्हा साताऱ्याच्या मुलीनं त्यातून काय काढलं असेल, ते तुला माहीत नाही. तुला वाटतंय तिच्या डोक्यात 12,000 आहेत. मला वाटतंय तिच्या डोक्यात भलतंच काहीतरी आहे: हिला माझं बरं झालेलं बघवत नाही, तलाठीणबाईंशी हिचं जास्त जमतं, असलं काहीतरी. माणूस गप्प बसला की समोरचा आपापल्या मनानं गाळलेल्या जागा भरतो, आणि भरताना स्वतःला लागेल असंच भरतो.

आता तुझं ते 'एकदा परमनंट झाले की'. यावर मला जरा बोलायचंय, कारण हे वाक्य आमच्या घरात मी जन्मापासून ऐकलंय.

माझे वडील 1963 पासून लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार. बदली म्हणजे ट्रान्सफर नव्हे. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभा राहणारा. पहाटे भोंग्याच्या आधी गेटवर जायचं, खात्यात कोणाचा खाडा पडलाय ते मुकादम सांगणार, त्यानं बोट दाखवलं तर आत, नाही तर परत. डबा मात्र रोज न्यायचा, कारण काम मिळालं तर दुपारी खाणार काय? जिन्यावर पावलं वाजली की आई स्टोव्हची वात खाली करून दाराशी जायची. काही विचारायची नाही. डबा हातात घ्यायची आणि वजनावरून तिला कळायचं. भरलेला डबा परत आला की त्या दिवशी घरात दुसरा स्वयंपाक नाही, तोच सगळ्यांनी खायचा. मला लहानपणी ते दिवस आवडायचे, कारण वडील घरी असायचे. हे आज लिहिताना कसंसंच होतं.

अशी अकरा वर्षं. 1974 साली ते परमनंट झाले, आईनं चाळीत पेढे वाटले. आणि 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, त्यातली कितीतरी पुन्हा आत गेलीच नाहीत. वडील त्यातलेच. अकरा वर्षं बदली, आठ वर्षं परमनंट. हिशोब बदलीच्याच बाजूनं झुकतो.

मी तुला घाबरवत नाहीये. कायम नोकरी चांगलीच असते, मला पुढे लागली आणि मी ती घट्ट धरून ठेवली. मला सांगायचंय ते वेगळं. त्या अकरा वर्षांत आम्ही तगलो ते कशावर? शेजारच्या खोलीतले एक काका त्याच खात्यात कायम होते. महिनाअखेरीला वडलांचे दिवस कमी भरले की ते म्हणायचे, "उद्या मी खाडा करतो, तू ये." आणि खरोखर घरी बसायचे, स्वतःचा एक दिवसाचा पगार सोडून. त्यांनी आमच्याकडून कधी काही घेतलं नाही असंही नाही. त्यांची मुलगी आमच्याच घरी अभ्यास करून मॅट्रिक झाली. चाळीत भिशी होती. वडलांचा हप्ता मागेपुढे होणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यांचा नंबर नेहमी शेवटी ठेवायचे. माहीत होतं, कारण वडलांनी सांगितलेलं होतं. तोंड लपवलं असतं तर भिशीत घेतलंच नसतं कोणी.

तू उलटं करते आहेस. मैत्रिणी म्हणजे परमनंट झाल्यावर मिळायची वस्तू, असं धरून चालली आहेस. आणि ही कामावरून कामावर उडी मारायची वर्षं एकटीनं काढते आहेस, जेव्हा त्या सगळ्यात जास्त लागतात.

म्हणून साखरपुड्याआधी साताऱ्याला एक मेसेज. फोन केलास तर तू रडशील, मग ती 'जाऊ दे गं पैशांचं' म्हणेल आणि विषय तिथंच मरेल. लिहून पाठव, आणि ग्रुपवर नको, तिला एकटीला. असं काहीसं:

"तुझे बारा हजार दसऱ्याला द्यायचे होते, जमलं नाही, आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून तुला टाळत होते. रविवारी इव्हेंट नाहीये, मी खोटं लिहिलं. आज 2,000 पाठवतेय. दर 10 तारखेला 1,000 येतील, कॉलेजचं बिल निघालं की उरलेले एकदम. साखरपुड्याला मी येतेय. साडी आहे तीच नेसेन, भेटीत 500 देईन. चालेल ना?"

शब्द तुझे घाल, पण आकडे आणि तारीख काढू नकोस. 'लवकरच देते' असं मोघम नको, 'दसऱ्याला देते' हे तू एकदा वापरून झालीस. आणि 'सॉरी' एकदाच लिही. सात वेळा लिहिलंस तर बिचारीला स्वतःच्या साखरपुड्याच्या तयारीत तुझी समजूत काढत बसावं लागेल.

एकरंगी साड्यांचं खूळ मला तसंही कळत नाही. बँडपथक आल्यासारखं दिसतं. पण ते माझं मत, ग्रुपवर सांगू नकोस. तिथं फक्त 'साडी जमणार नाही, माझी मोरपंखी नेसतेय' एवढं टाक. तुझ्याखेरीज त्या चौघींपैकी आणखी एकीला तरी हायसं वाटेल, पैज लावते. लग्न होऊन लातूरला गेलेलीच्या हातात किती पैसे असतात, याचा विचार केलास कधी?

दोन हजार आणायचे कुठून, हे तू विचारणार. पत्राच्या शेवटच्या पानावर तू सहा महिन्यांची जमा लिहिली आहेस: 19,400, 14,200, 17,000, 31,600, 14,200, 16,600. खर्च खोली, मेस, बस, फोन आणि घरी 3,000 धरून 13,100. आयुष्यभर खतावण्या पाहिलेली बाई आहे मी, पेन घेऊनच बसले. तू चांगल्या महिन्यात चांगल्या महिन्यासारखी वागतेस, तिथं गळती आहे. तुझा पगार 14,200 आहे असंच समज, सगळ्यात वाईट महिन्याचा. त्याच्या वर जे आलं ते सहा महिन्यांत 27,800 होतं. त्यातले 10,000 भावाच्या फीला गेले, ते योग्यच. बाकीचे कुठे गेले ते तुला लिहिता आलेलं नाही, आणि मी त्यावरून बोलणार नाही, कारण 31,600 हातात आल्यावर चार दिवस माणसासारखं जगावंसं वाटतं. पण यापुढे वरची रक्कम आली त्या दिवशीच दुसऱ्या खात्यात टाक, ज्याचं यूपीआय फोनवर नाही असं खातं.

शिवाय तुझे काही पैसे बाहेर पडून आहेत, ते आधी गोळा कर. इव्हेंटवाले दहा टक्के कापून देतात असं तू तक्रारीच्या सुरात लिहिलं आहेस. तो टीडीएस आहे, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर. तो तुझ्या पॅनवर जमा झालाय का ते इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बघ. तुझ्या उत्पन्नावर कर बसतच नाही, तेव्हा रिटर्न भरलंस तर कापलेलं सगळं परत येतं. चार वर्षं रिटर्न भरलं नाहीस, त्यातल्या जुन्या वर्षांचं आता अवघड आहे, पण चालू वर्षाचं सोडू नकोस. आणि कापलेले पैसे जमाच केले नसतील, तर त्या इव्हेंटवाल्याला शांतपणे विचार की माझा टीडीएस कुठं आहे. हा प्रश्न पुष्कळांना आवडत नाही.

पीएफचंही तसंच. तू तीन एजन्सी बदलल्यास आणि तुझ्याकडे दोन यूएएन, म्हणजे पीएफचे दोन नंबर, आहेत म्हणतेस. बारा आकडी नंबर माणसाला एकच असायला हवा. नव्या ठिकाणी जुना नंबर सांगितला नाही की दुसरा तयार होतो आणि मागचे पैसे तिथंच राहतात. जुन्या खात्यातले नव्यात वळवून घे. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, ती तुकड्यातुकड्यांची जोडून धरतात, पण तुकडे जोडलेले असले तरच. पगाराच्या पावतीवर ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची, कपात दिसते का तेही पाहा. दिसत असेल तर तुझं कार्ड काढून घे. बिबवेवाडीचं ईएसआयसीचं रुग्णालय तुझ्यासाठी आहे, आणि आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर त्यांचीही नावं कार्डावर लावता येतात. तू मेमध्ये आईच्या तपासण्यांना खासगी दवाखान्यात 6,000 दिलेस, ते वाचून माझा जीव चुटपुटला.

कॉलेजबद्दल मात्र मला कडू बोलायचंय. तासिका तत्त्वाचं बिल सहा-सहा महिने निघत नाही, सुट्ट्यांचे पैसे नाहीत, दर सत्राला नव्यानं मुलाखत. हे तू का करतेस, तर 'अनुभव' म्हणून, आणि गावाकडे 'पोरगी प्रोफेसर आहे' असं सांगता येतं म्हणून. दुसरं कारण तू लिहिलेलं नाहीस, मी ओळींमधून वाचलं. चूक असेल तर सोडून दे. पण सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि तू सेट एकदा दिलीस, थोडक्यात गेली, नंतर फॉर्मच भरला नाहीस. का, तर अभ्यासाला वेळ नाही. वेळ कशात जातो? ज्या नोकरीसाठी सेट हवी तीच सेटशिवाय करण्यात. शिकवायला तुला मनापासून आवडतं हे कळतंय. टायट्रेशनला पोरींचे हात कसे थरथरतात ते तू अर्धं पान लिहिलं आहेस. तर मग पुढच्या दोन परीक्षा नीट दे, तेवढ्यापुरते आठवड्याचे तास कमी घे. दोन्ही गेल्या तर कॉलेज सोड आणि एखाद्या औषधकंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या, लॅबमध्ये अर्ज कर. केमिस्ट्रीवालीनं रात्री दहापर्यंत आधार कार्डांचे फोटो तपासत बसावं, हे मला पटत नाही. सत्र संपलं की अनुभवाचं पत्र मात्र त्याच आठवड्यात मागून घे. प्राचार्य बदलले की ते मिळवायला चपला झिजतात.

रविवारांचं सांगायचं राहिलं. एका रविवारचे तुला 800 मिळतात. महिन्यातला एक रविवार विकू नकोस. त्या दिवशी कोणाला तरी भेट, आणि हॉटेलात नको. तू लिहिलं आहेस की ग्रुप भेटला की बिल पाच भागात होतं आणि तू फक्त कॉफी घेतलेली असते. पुण्यात राहतेस, पर्वती फुकट आहे. खोलीवर बोलाव, पोहे कर. आधी सांगायचं, "बजेट नाही, माझ्याकडे या." बेंगळुरूवाली पुण्याला आली की तुझ्या खोलीवर येणार नाही असं तूच ठरवून टाकलं आहेस, तिला विचारलं नाहीस.

आणि टेबलावर तुझ्याबरोबर उभ्या राहणाऱ्या त्या मुली, ज्यांचा तू 'इव्हेंटच्या पोरी' असा एका ओळीत उल्लेख केलास, त्यांचे नंबर आहेत का तुझ्याकडे? कोण पैसे वेळेवर देतो, कोण बुडवतो, रात्री बारा वाजता घरी सोडायला गाडी कोण देतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. त्याही अकरा महिन्यांवरच आहेत. त्यांच्यापुढे तुला काही लपवावं लागत नाही.

घरी 'परमनंट कधी' विचारतात, त्याला माझ्याकडे औषध नाही. वडलांना खरा आकडा एकदा सांगून बघ, कॉलेजचे किती, एजन्सीचे किती. आईला नको, ती रात्रभर जागी राहील. बार्शीकडच्या कोरडवाहू शेतीत ज्यानं जन्म काढला, त्याला यंदा पीक येईल की नाही हे ठाऊक नसताना पेरायचं असतं. तुझं दुखणं त्याला तुझ्या अंदाजापेक्षा लवकर कळेल.

आज रात्री दहाला सुटलीस की आधी तो मेसेज. साखरपुडा सकाळी अकराचा असेल तर स्वारगेटवरून पहाटेची एसटी धर. साताऱ्याला जेमतेम तीन तास, आणि बायकांना अर्धं तिकीट आहेच. मोरपंखी साडीला इस्त्री आदल्या दिवशी कर. रात्री परत येशील तेव्हा पाय दुखत असतील, आणि सोमवारचा पहिला तास साडेसातचा आहे असं तूच लिहिलं आहेस. तेव्हा गप्पांना बसलात तरी शेवटची गाडी किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेव.

तुझी,
मावशी